तंबाखू सोडायला सांगता, तशी पुढची तारीखही द्या

डॉक्टर, दंतवैद्य, सिस्टर, फार्मसिस्ट आणि रोज पेशंटशी बोलणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

१९५१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना टपालाने एक छोटीशी प्रश्नावली आली. पाठवणारे होते रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे संशोधक. प्रश्न साधेच होते. सिगारेट ओढता का, किती ओढता, सोडली असेल तर कधी सोडली. चाळीस हजारांवर डॉक्टरांनी उत्तरं पाठवली. त्यांतल्या सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांची नोंद पुढे ५० वर्षं ठेवली गेली: कोण कधी गेलं, कशाने गेलं. २००४ साली त्या पन्नास वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. सिगारेट शेवटपर्यंत न सोडणारे डॉक्टर, कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले होते. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना त्यातली सुमारे तीन वर्षं परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी दहा.

हे आकडे तुम्हाला नवे नाहीत. पण तंबाखू माणसाचं काय करते हे जगाला ज्यांच्या आयुष्यांवरून कळलं ते तुमच्याच व्यवसायातले लोक होते, आणि त्याची सुरुवात एका पत्राने झाली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉल स्वतः ओढत असत. आकडे समोर यायला लागल्यावर त्यांनी सोडली.

मी डॉक्टर नाही. गेली अनेक वर्षं तंबाखू सोडू पाहणाऱ्यांचं समुपदेशन करते. तुम्ही पाठवलेले पेशंट माझ्यासमोर बसतात, आणि कुणीच न पाठवलेले, विचारत विचारत पोचलेलेही बसतात. पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला विचारते, "याआधी तंबाखूबद्दल डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते?" उत्तर बहुतेक वेळा एकच. "सोडा म्हणाले." मग मी विचारते, "आणि पुढे?" तिथे ते माझ्याकडे बघत राहतात. पुढे काही झालेलं नसतं.

याच माणसाच्या फाइलमध्ये बीपी पुन्हा कधी बघायचं ती तारीख असते. शुगरची असते, टाके काढायची असते. तंबाखूची नसते. या पत्रात मला खरं तर एवढंच म्हणायचं आहे, पण ते नीट म्हणायला जरा जागा लागेल.

आधी माझ्या घरातलं सांगते. माझे वडील तंबाखू चघळायचे, वयाच्या अठराव्या वर्षापासून. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ते दाखल झाले तेव्हा फॉर्म भरणाऱ्याने विचारलं, "सिगारेट ओढता?" वडील म्हणाले, "नाही." खोटं बोलले नाहीत ते, सिगारेट त्यांनी कधीच ओढली नव्हती. फॉर्मवर खूण झाली आणि विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून ते आम्हाला ओळखू येईनात. उशी वाकडी ठेवली म्हणून आईवर ओरडले. रात्रभर जागे राहिले. खुंटीला टांगलेल्या शर्टाच्या खिशाकडे त्यांचा हात जायचा, खिसा चाचपून रिकामा परत यायचा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा जायचा. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "बाबा फारच तापट आहेत हो." झोपेची गोळी सुरू झाली. निकोटिन अचानक बंद झाल्यावर माणसाचं असंच होतं, चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही, आणि पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण असतात, हे त्या वॉर्डात कुणीतरी ओळखायला हवं होतं. मलाही तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राउंडला सर्जनना उशीखाली डबी दिसली. ते म्हणाले, "हे बंद करा हं आता." आवाज रागाचा नव्हता, काळजीचाच होता. आणि वडिलांनी खरोखर बंद केलं. घरी आल्यावर आठव्या दिवशी टाके काढायला गेलो. जखम बघून डॉक्टर म्हणाले, "छान भरली आहे." तंबाखूचं कुणी विचारलं नाही. अकराव्या दिवशी डबी परत आली, ती त्यांच्या अखेरपर्यंत राहिली. खूप वर्षांनी ते मला म्हणाले, "त्या दिवशी त्यांनी नुसतं विचारलं असतं ना, तर मी आणखी थोडे दिवस काढले असते."

त्या वाक्यामुळे मी या कामात आले. आणि या कामात आल्यावर कळलं की वडील जे म्हणाले ते अभ्यासांतही लिहिलेलं आहे. १९७९ साली मायकल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधल्या पाच दवाखान्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. २८ डॉक्टर, सिगारेट ओढणारे दोन हजारांवर पेशंट, चार गट. पहिल्या गटाला काहीच केलं नाही. दुसऱ्याकडून नुसती प्रश्नावली भरून घेतली. तिसऱ्याला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत, स्पष्ट शब्दांत, सोडायचा सल्ला दिला. चौथ्याला तोच सल्ला, सोबत एक पत्रक, आणि "आम्ही पुन्हा चौकशी करणार आहोत" एवढं सांगितलं. महिनाभरात सोडून वर्षानंतरही न ओढणाऱ्यांचं प्रमाण गटांच्या क्रमाने ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ टक्के आलं.

पाच टक्के हा आकडा लहान दिसतो. पण तो दोन मिनिटांचा आहे, औषधाशिवायचा आहे. एका डॉक्टरच्या हाताखालून वर्षभरात तंबाखू घेणारे किती लोक जातात याचा हिशेब तुम्हीच करा. मला मात्र त्या चार आकड्यांमधला शेवटचा टप्पा महत्त्वाचा वाटतो, ३.३ वरून ५.१. त्यातला काही वाटा पत्रकाचा असेल. पण कुणीतरी आपली पुन्हा चौकशी करणार आहे हे कळलं की माणूस वेगळा वागतो, हे मी रोज बघते.

तारीख द्यायची तर ती कधीची, हाही प्रश्न आहे. कुणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच पुन्हा सुरू करतात. म्हणजे "तीन महिन्यांनी दाखवा" ही तारीख बीपीसाठी ठीक असेल, तंबाखूसाठी ती फार उशिराची आहे. पहिली भेट सोडल्यापासून आठवड्याच्या आत हवी. भेट जमत नसेल तर फोन चालतो. फोनवर तीन मिनिटं पुरतात. मग दुसऱ्या आठवड्यात, मग महिन्याने. दाखल झालेल्या पेशंटचंही तेच. रुग्णालयात असताना नीट समुपदेशन सुरू करून घरी गेल्यावर किमान महिनाभर संपर्क ठेवला तर सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, हे अनेक अभ्यास एकत्र करून तपासलेलं आहे. वॉर्डातच थांबलेल्या प्रयत्नांचा तेवढा फायदा दिसलेला नाही. तंबाखूशिवाय काढलेले ते पाच दिवस पेशंटने मोठ्या कष्टाने मिळवलेले असतात. डिस्चार्ज कार्डावर एक तारीख नसल्यामुळे ते वाया जातात.

आता विचारण्याबद्दल. माझ्या वडिलांना विचारलेला प्रश्न चुकीचा होता. "सिगारेट ओढता का" या प्रश्नातून चघळणारे, दातांना लावणारे, नाकात ओढणारे सगळे निसटतात. निकोटिन त्यांच्याही रक्तात पोचतं. धुरातून ते १०-२० सेकंदांत मेंदूत जातं, तोंडातून सावकाश चढतं आणि जास्त वेळ टिकतं. म्हणून विचारा, "तंबाखू कुठल्याही स्वरूपात घेता का?" आणि मग एकेक स्वरूप नाव घेऊन विचारा, कारण अनेकांना आपण जे वापरतो त्यात तंबाखू आहे असं वाटतच नाही. बायकांनाही विचारा. त्यांना विचारलंच जात नाही, किंवा घरच्यांसमोर विचारलं जातं, आणि घरच्यांसमोर त्या "नाही" म्हणणार. गरोदर बाईला तर एकटीला, दार लावून विचारा. पूर्वी घेत होतात का, हेही विचारा, सहा महिन्यांपूर्वी सोडलेल्या माणसाला "अजून बंद आहे ना? फार चांगलं केलंत" हे ऐकायला मिळालं तर त्याचे पुढचे सहा महिने सोपे जातात.

आणखी एक प्रश्न माझ्या दृष्टीने सोन्यासारखा आहे: सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली घेता? निकोटिनचं व्यसन किती खोल आहे हे मोजणाऱ्या फॅगरस्ट्रॉम चाचणीतला सगळ्यात बोलका प्रश्न हाच. पाच मिनिटांत घेणारा माणूस आणि दुपारी जेवणानंतर घेणारा माणूस यांना एकच सल्ला देऊन चालणार नाही. पाच मिनिटांतवाल्याचं शरीर रात्रभर निकोटिनची वाट बघत असतं. त्याला इच्छाशक्तीबद्दल ऐकवू नका, औषध द्या.

रागावण्याबद्दल मला हात जोडून बोलायचं आहे. तुम्ही रागावता ते काळजीपोटी, हे मी जाणते. एकाच दिवसात तोंडाच्या कॅन्सरचे दोन पेशंट बघितलेल्या डॉक्टरला तिसऱ्याच्या तोंडाला तंबाखूचा वास आला तर संताप येणारच. पण तुम्ही ज्याच्यावर रागावलात तो पेशंट माझ्या टेबलाशी येऊन काय सांगतो ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. तो सांगतो, "पुढच्या वेळी मी सांगितलंच नाही." दवाखान्यात शिरण्याआधी तो चूळ भरतो, वेलची तोंडात टाकतो, आणि तुम्हाला "सोडली" म्हणतो. तुम्ही खूश होता. त्याचा खोकला मात्र तुम्हाला न उलगडणारा होऊन बसतो.

रागाच्या जागी काय ठेवायचं, यावरही अभ्यास झाले आहेत. "सोडा, नाहीतर अमुक होईल" यापेक्षा "सोडायला मदत हवी असेल तर ती माझ्याकडे आहे, आजच सुरू करू या का?" असं म्हटल्यावर जास्त लोक प्रयत्न करायला तयार होतात. तयारी आहे की नाही याची वाट न बघता प्रत्येकाला मदत देऊ करा. तयार नसलेला माणूस नाही म्हणेल. म्हणू द्या. "ठीक आहे, पुढच्या भेटीत पुन्हा विचारीन" म्हणा, आणि खरंच विचारा.

एक शब्द मात्र टाळा, "कमी करा". तो दयेपोटी निघतो हे मला दिसतं. वीस ओढणारा माणूस दहावर आला की सगळ्यांना बरं वाटतं, पण तो प्रत्येक झुरका खोल ओढायला लागतो आणि निकोटिनची भरपाई करतो. हृदयाच्या बाबतीत तर कमी करण्याचा फायदा फारच तोकडा आहे: दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका, वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. पेशंटला "कमी करा" हे परवानगीसारखं ऐकू येतं. कमी करायचंच असेल तर ते बंद करण्याच्या ठरलेल्या दिवसाकडे जाणारं असू दे, आणि तो दिवस कागदावर लिहा.

औषधांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त संधी इथेच वाया जाताना बघते.

मागे एक ट्रकचालक आले होते. खिशातून निकोटिन गमची स्ट्रिप काढून त्यांनी टेबलावर ठेवली, दोनच गोळ्या वापरलेल्या. म्हणाले, "मॅडम, याने उचक्या लागतात, पोटात ढवळतं. मला हे चालत नाही." मी म्हटलं, एक माझ्यासमोर खाऊन दाखवा. त्यांनी ती तोंडात टाकली आणि साध्या च्युइंगगमसारखी भराभर चावायला सुरुवात केली, दर चार-पाच चाव्यांनंतर घोट गिळत. मिनिटभरात चेहरा कसनुसा झाला. मी म्हटलं, थांबा. आता हळू. काही वेळा सावकाश चावा, आणि जिभेला तिखट चुरचुर लागली की चावणं बंद करा. गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. चुरचुर गेली की पुन्हा थोडं चावा, पुन्हा ठेवा, पण दुसऱ्या बाजूला. एक गम असा अर्धा तास चालतो. त्यांनी तसं केलं, जरा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "म्हणजे तंबाखू धरतो तसंच की!" तसंच. ज्या माणसाने पंधरा वर्षं गालात तंबाखू धरली त्याला हे शिकवायला अर्धं मिनिटही लागत नाही, पण ते कुणीतरी सांगावं लागतं. गममधलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषलं जातं. गिळलं तर बरंचसं यकृतातच संपतं आणि वाट्याला येतात उचक्या आणि मळमळ. गमच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा आंबट रस घेतला तर तोंडातलं आम्ल वाढून शोषण घटतं. फार्मसिस्ट मित्रांनो, हे तुमच्या काउंटरवर सांगितलं गेलं तर "गम चालत नाही" म्हणणारे निम्मे लोक माझ्याकडे येणार नाहीत.

दुसरी अडचण मात्रेची. माणूस दिवसाला वीस सिगारेट ओढत होता आणि आता तीन गम खातो आहे, आणि आम्ही म्हणतो औषध लागू पडत नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली घेणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, २ चा नाही. पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) आणि गम एकत्र दिले तर एकट्या प्रकारापेक्षा जास्त लोक सोडतात. पॅच दिवसभराचा पाया धरतो, अचानक आलेली तलफ गम सांभाळतो. पॅचमुळे रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवायचा. आणि उपचार आठ ते बारा आठवड्यांचा असतो, दोन आठवड्यांचा नाही. "निकोटिन सोडायला निकोटिनच कसं देता?" असं तुमच्यातले काही जण मला विचारतात. पेशंटला कॅन्सर होतो तो धुरातल्या आणि तंबाखूतल्या नायट्रोसमाइनसारख्या विषांमुळे. निकोटिन त्याला बांधून ठेवतं, आणि ती दोरी एकदम न तोडता सैल करायची आहे.

गोळ्याही आहेत. व्हॅरेनिक्लिन मेंदूतल्या ज्या जागांवर निकोटिन बसतं तिथेच बसून थोडा परिणाम देतं आणि निकोटिनची जागा अडवतं, त्यामुळे तलफ कमी होते आणि ओढलं तरी पूर्वीची मजा येत नाही. ते बंद करायच्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करायचं असतं, आणि जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घेतलं तर मळमळ कमी होते. बुप्रोपिऑन आहे, मात्र फिट्स येत असलेल्यांना नको. काही देशांत सायटिसिन मिळतं. निकोटिन पर्यायी उपचार, म्हणजे गम आणि पॅच, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ साली आले, व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन २०२१ साली. ज्या यादीत इन्सुलिन आहे तीच ही यादी. तरीही माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेकांना अशी औषधं असतात हेच ठाऊक नसतं.

मानसिक आजार असलेल्यांबद्दल एक वेगळी विनंती. "त्याला तेवढाच एक आधार आहे, राहू दे" असं म्हणून आपण त्यांना वगळतो. तंबाखू सोडलेल्यांची चिंता आणि नैराश्य कालांतराने कमी झालेलं दिसतं, वाढलेलं नाही. व्हॅरेनिक्लिनने मन बिघडतं ही भीती होती. २०१६ साली आठ हजारांवर लोकांवरच्या ईगल्स चाचणीचे निष्कर्ष आले, त्यांतल्या निम्म्यांना मानसिक आजार होते, आणि पॅच किंवा औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत मानसिक त्रासांत लक्षणीय वाढ आढळली नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या औषधावरची काळ्या चौकटीतली गंभीर धोक्याची सूचना काढून टाकली. पण एक काळजी खरोखर घ्यायची आहे. सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं सीवायपी १ए२ हे एन्झाइम जास्त जोराने काम करतं आणि मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलान्झापिन आणि दम्यावरचं थिओफिलिन यांसारखी औषधं लवकर संपवतं. ओढणं थांबलं की काही दिवसांतच ही औषधं रक्तात वाढू लागतात. हे धुराने होतं, निकोटिनने नाही, म्हणून पॅच लावला तरी टळत नाही. क्लोझापिनवर असलेल्या एका तरुणाने मोठ्या जिद्दीने सोडली आणि दुसऱ्या आठवड्यात तो दिवसभर झोपेत, लाळ गळते आहे, चालताना झोकांड्या जाताहेत. घरच्यांनी निष्कर्ष काढला की सोडल्यामुळे पोरगं बिघडलं, आणि त्याच्या हातात पुन्हा पाकीट दिलं. आठवड्याच्या आतली एक तारीख असती तर त्याची मात्रा कमी झाली असती. कॉफीचंही असंच, सोडल्यावर तेवढ्याच कॉफीतलं कॅफिन शरीरात जास्त टिकतं, छाती धडधडते, आणि पेशंट ते तंबाखू सोडल्याच्या खात्यावर मांडतो.

अशा गोष्टी आधी सांगून ठेवल्या तर माणूस घाबरत नाही. तोंडात व्रण येतील, बद्धकोष्ठ होईल, भूक वाढेल, वर्षभरात वजन सरासरी चार-पाच किलो वाढू शकतं. तलफ आली की ती काही मिनिटांची असते, ती मिनिटं काढायची.

वेळ नाही, हे तुम्ही म्हणाल आणि ते खरं आहे. बाहेर रांग असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या जुलैमध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी पहिल्यांदा उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात प्रत्येक भेटीत द्यायच्या सल्ल्यासाठी तीस सेकंद ते तीन मिनिटं एवढाच वेळ मागितला आहे. सगळं तुम्ही एकट्याने करायचंही नाही. बीपी घेताना सिस्टरनी तंबाखूचं विचारून बीपीच्याच ओळीत लिहायचं. डॉक्टरांनी ती ओळ बघून एक वाक्य बोलायचं. त्या वाक्याला जे वजन आहे ते माझ्या तासाभराच्या बोलण्याला नाही. बाकीचं समुपदेशकाकडे, सिस्टरकडे, फार्मसिस्टकडे सोपवा. दंतवैद्यांनी तर पेशंटच्याच हातात आरसा देऊन गालातला पांढरा चट्टा दाखवावा. ओढणाऱ्यांसाठी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं. पहिल्या दिवशी २२ हा आकडा बघून गेलेला माणूस चार दिवसांनी फुंकर मारतो आणि २ बघतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते माझ्या कुठल्याही शब्दाने आलेलं नाही.

तुमच्यापैकी जे स्वतः तंबाखू घेतात, त्यांनीही यासाठी मदत घ्यावी असं मला मनापासून वाटतं. लपवून ठेवण्याचा ताण तुम्हालाही आहे, आणि आपण घेतो म्हणून पेशंटला विचारायची जीभ उचलत नाही हे मला काही डॉक्टरांनीच सांगितलं आहे.

शेवटी एका पेशंटबद्दल. त्यांना सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होता, दम लागायचा. दोन वेळा सोडली, दोन वेळा सुरू झाली. पुढच्या तारखेला ते आत आलेच नाहीत. दुपारी मी पाणी प्यायला बाहेर आले तर पॅसेजच्या टोकाच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेले. दीड तास बसले होते. "आत का नाही आलात?" तर म्हणाले, "परत ओढली. कुठल्या तोंडाने येऊ?" मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर उठण्याच्या बेतात होते, पुन्हा बसले. त्यांनी विचारलं, "पहिल्या खेपेला किती दिवस निघाले होते?" "सहा." "आणि या खेपेला?" "एकोणीस." डॉक्टरांनी केसपेपरवर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. मग विसाव्या दिवशी काय झालं ते विचारलं. भावाचे अंत्यसंस्कार होते, तिथे कुणीतरी हातात दिली होती. डॉक्टरांनी पॅच तसाच ठेवला, सोबत गम वाढवला, आणि खाली पुढच्या मंगळवारची तारीख घातली.

दाराशी पोचल्यावर ते मागे वळले. "आणि त्याच्या आधी ओढली गेली, तर?"

"तर मंगळवारपर्यंत थांबू नका," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी या."

आपली,
एक तंबाखूमुक्ती समुपदेशक